बारीक चाकांचा जाच

परवा पुन्हा तेच झालं. ओळखीतल्या एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. नवीन घर, पाऊण एकर जागा, गॅरेजात गवत कापायचा नवाकोरा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे जोडायची ट्रॉली. ट्रॉलीवरचं स्टिकरसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. यजमान कौतुकाने दाखवत होते. मी चाकापाशी उकिडवा बसलो, टायरवरचे आकडे वाचले आणि म्हणालो, "ही चाकं आधी बदला."

झालं! पुढचा पाऊण तास वाद. बायको लांबून डोळे वटारतेय, यजमानीणबाई तिसऱ्यांदा पानं घेतलीत म्हणून सांगून गेल्या, भात निवला. आणि एवढं करून मला माझा मुद्दा धड मांडता आला नाही तो नाहीच. म्हणून आता शांतपणे मांडतोय. (शांतपणे म्हणजे जमेल तितपत.)

मुद्दा एका वाक्यात सांगतो. बागेत मागे ओढायच्या ज्या वस्तू इथे विकतात, म्हणजे ट्रॉली, फवारणीची टाकी, खत फेकायचं यंत्र, त्यांना लावलेली चाकं मऊ जमिनीसाठी चुकीची असतात, हे विकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं आणि तरी ते तशीच विकतात.

मी राहतो ओहायोच्या वायव्य कोपऱ्यात, टोलेडोच्या दक्षिणेला. हा सगळा भाग पूर्वी 'ग्रेट ब्लॅक स्वॉम्प' होता, नावाप्रमाणेच काळी दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चर खणून, जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून पाणी काढून दिलं तेव्हा कुठे इथे शेती उभी राहिली. पाणी गेलं, पण माती तीच राहिली. चिकण, पोटात पाणी धरून बसणारी. मार्च ते मे महिन्यात त्या मातीवर उभं राहिलं की बूट आधी आत जातो आणि मग विचार करतो. २०१९ च्या ओल्या वसंतात तर ओहायोत सुमारे १५ लाख एकरांवर शेतकऱ्यांना पेरताच आलं नव्हतं. तिथे माझ्या परसाची काय कथा!

या दलदलीतून पेरिसबर्ग ते फ्रिमाँट असा एक रस्ता जायचा, अजूनही जातो. १८३० च्या सुमाराला तो चिखलासाठी इतका कुप्रसिद्ध होता की एकतीस मैलांत एकतीस खाणावळी होत्या असं इथल्या इतिहासात सांगतात. दिवसभरात एखादा मैल पुढे सरकायचं आणि मुक्काम करायचा. आणि खाणावळवाल्यांचा खरा धंदा जेवणाचा नव्हताच. आपल्या दारासमोरच्या खड्ड्यात रुतलेली गाडी पैसे घेऊन बाहेर काढायची हा धंदा. त्या खड्ड्यांवर मालकीहक्क सांगत म्हणे. खड्डा बुजवायची घाई कुणाला असणार?

मला ही गोष्ट फार आवडते, कारण आज दुकानात गेलात आणि म्हणालात की बुवा माझी ट्रॉली रुतते, तर उत्तर ठरलेलं आहे: "मोठा ट्रॅक्टर घ्या."

आता जरा हिशेब. ट्रॉलीचं वजन धरा शंभर पौंड, वर लाकडं पाचशे पौंड. एकूण सहाशे, म्हणजे आपल्याकडे म्हणायचं तर पावणेतीन क्विंटल. दोन चाकं, प्रत्येकावर तीनशे. (थोडा भार पुढे हिचवर जातो, तो सोडून देऊ.) टायरमध्ये हवा तीस पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तीस पौंड. टायर जमिनीला जितकी जागा टेकवतो ती साधारण भार भागिले हवा एवढी असते. कडक टायर असेल तर थोडी कमीच. तीनशे भागिले तीस म्हणजे दहा चौरस इंच. दोन्ही चाकं मिळून वीस. वीस चौरस इंच म्हणजे आपलं पोस्टाचं एक कार्ड! पावणेतीन क्विंटल माल, मार्च महिन्यातली चिकणमाती, आणि मध्ये एक पोस्टकार्ड.

आणि आता गंमत बघा. हीच ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात किती हवा भरायला सांगतात? साधारण दहा पीएसआय. टायर केवढे? चांगले रुंद, गुबगुबीत, गवत दबू नये म्हणून मुद्दाम सपाट नक्षीचे. म्हणजे मऊ जमिनीवर कसं चालायचं हे ज्ञान कंपन्यांकडे आहेच. ते त्यांनी इंजिनवाल्याच्या पायात घातलंय. जो ओझं वाहतो त्याच्या पायात मात्र चार इंची ढकलगाडीचं चाक, कारण त्यात चार पैसे वाचतात आणि खोक्यावर "वजनक्षमता ७५० पौंड" असं छापायला ते पुरतं. ती क्षमता डांबरावर की चिखलावर, हे खोक्यावर कुठेच नसतं.

फवारणीची पंचवीस गॅलनची टाकी घ्या. पाण्याचंच वजन दोनशे आठ पौंड. तिलाही तीच चिमुकली चाकं. आणि ती कधी ओढायची? वसंतात. जमीन कधी मऊ असते? वसंतात. यावर काय बोलायचं!

(एक अवांतर. त्याच दुकानात पाणी भरून ओढायचा रोलर मिळतो, लॉन दाबून सपाट करायला. आणि शेजारच्या फळीवर दाबली गेलेली माती मोकळी करायला भोकं पाडायचं यंत्र मिळतं. दोन्ही घेणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. असो.)

इतका त्रागा कशासाठी, असं वाटत असेल. सांगतो.

घर घेतलं तेव्हा मागच्या बाजूला वाळलेली ॲशची झाडं होती. एमराल्ड ॲश बोरर नावाच्या हिरव्या किड्याने २००३ पासून ओहायोतली ॲश संपवत आणली, त्यातलीच ही. २०१६ च्या वसंतात ती मी पाडून घेतली आणि ओंडके पुढे आणायला लागलो. घराच्या आणि कुंपणाच्या मधून बारा फुटांची एकच वाट. सात-आठ फेऱ्या झाल्या आणि वाटेत दोन चर पडले, कुठे तीन इंच, कुठे सहा. म्हटलं, उन्हाळ्यात बुजवू. उन्हाळा आला, चरांच्या कडेने गवत माजलं आणि चर दिसेनासे झाले. खालची माती वाळून वीट. चिकणमातीचं हेच असतं, तिच्यात जे उमटतं ते तसंच भाजून निघतं.

जुलैत आईबाबा आले होते. बाबा रोज सकाळी घराला फेऱ्या मारायचे. एक दिवस त्या झाकल्या चरात पाय गेला आणि हातावर पडले. मनगट मोडलं. वय शहात्तर. सहा आठवडे प्लास्टर, विम्याची पत्रापत्री, आणि परत जाताना विमानात एका हाताने जेवण. आई अजूनही मला त्यावरून बोलते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

बाबा शिरोळ तालुक्यातले, बैलगाडी हाकलेले. प्लास्टरचा हात गळ्यात बांधून त्यांनी ट्रॉली बघितली आणि म्हणाले, "अरे, माल एवढा आणि धाव एवढीशी? रुतणारच की लेका."

धाव! किती वर्षांनी ऐकला तो शब्द. लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. गावातल्या काळ्या रानात पावसाळ्यात भरली गाडी घालायची नाही हा त्यांच्या लहानपणीचा नियम, कारण अरुंद धाव सुरीसारखी आत जायची. पुढे कारखान्याच्या उसाला टायरची गाडी आली तेव्हा आधी लोक हसले, मग महिन्याभरात मागून बसले, असं बाबा सांगत होते. तीच दोन बैलं, पण माल कितीतरी जास्त.

हसणं सगळीकडे सारखंच दिसतं. १९३२ मध्ये ॲलिस-चाल्मर्सने इथे ट्रॅक्टरला पहिल्यांदा हवेचे टायर विकायला काढले तेव्हा शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. म्हणून कंपनीने पुढच्या वर्षी बार्नी ओल्डफील्ड या शर्यतपटूला ट्रॅक्टरवर बसवून ताशी चौसष्ट मैलांनी पळवला. त्यापुढे काही वर्षांत लोखंडी चाकं भंगारात गेली. आणि त्याच्याही आधी, १७५३ साली, ब्रिटिश पार्लमेंटने नऊ इंच रुंद चाकांच्या गाड्यांना झुकतं माप देणारा कायदा केला होता, कारण अरुंद चाकं रस्ते कापून काढत होती. म्हणजे मी काही नवीन सांगत नाहीये. पावणेतीनशे वर्षं जुनी गोष्ट सांगतोय.

आता विरोधकांकडे वळू. यजमान आणि त्यांचे मेहुणे (ते फार बोलत होते) यांचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडतो.

"जमीन सुकेपर्यंत थांबायचं." बरोबर आहे. जे काम थांबू शकतं त्याला थांबाच. त्याहून उत्तम म्हणजे जानेवारीत जमीन गोठलेली असताना ओढा, त्यासारखा रस्ता नाही. पण हल्ली इथे हिवाळा कधी गोठतो आणि कधी नुसताच गळतो, आणि टोमॅटोचे वाफे, खत, पडलेलं झाड ही कामं तुमच्या सोयीने येत नाहीत. "थांबा" हा सल्ला ज्याच्या घरी माळी येतो त्याने द्यावा.

"रुंद टायर जास्त जागेवरचं गवत दाबतो." दाबतो, खरंय. पण दबलेलं गवत आठवड्यात उठतं. मुळासकट फाटलेलं उठत नाही.

"अर्धा माल भरून दोन फेऱ्या करायच्या." हा मात्र चांगला मुद्दा होता आणि मी तो तिथे मान्य केला नाही, हे माझं चुकलं. वजन कमी केलं की दाब जमिनीत कमी खोल जातो. शिवाय मातीचं बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होऊन गेलेलं असतं, त्यामुळे त्याच वाटेने दुसरी फेरी तितकी महाग पडत नाही. आपण 'चाकोरीबाहेर' जाण्याचं इतकं कौतुक करतो, पण ओल्या जमिनीवर चाकोरीतच राहावं. बाकीची जमीन वाचते.

आणि शेवटचा, हसत हसत टाकलेला: "मी बसवलेले रुंद टायर. काही फरक पडला नाही!"

यावर मात्र मी चिडलो. कारण मी विचारलं, "हवा किती भरली?" तर मेहुणे म्हणाले, "टायरवर लिहिली होती तेवढी." अहो, टायरवर लिहिलेली हवा ही जास्तीत जास्त मर्यादा असते, आज्ञा नव्हे! वरचा हिशेब आठवा. जमिनीवरचा दाब ठरतो हवेने. रुंद टायर दगडासारखा फुगवला तर तो मधल्या पट्ट्यावर टेकतो आणि रुंदी नुसती शोभेला राहते. रुंदीचा उपयोगच हा की तेवढाच भार कमी हवेत पेलता येतो. तीसच्या जागी दहा पीएसआय करा, एका पोस्टकार्डाची तीन होतात. रुंदी आणि हवा ही जोडी आहे. मात्र हवा कमी केली की टायरची भार घ्यायची ताकदही कमी होते, तेव्हा माल त्या मापात ठेवायचा.

मी काय केलं ते सांगतो, कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल. माझ्या ट्रॉलीची आख पाऊण इंची. गवत कापायच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचं भोकही बहुधा पाऊण इंचीच असतं. म्हणून चार इंची चाकांच्या जागी तीच चाकं घेतली. माप १६ बाय ६.५०-८, फोर-प्लाय, सपाट नक्षी. (ट्रॅक्टरच्या मोठ्या दातऱ्यांचे टायर चुकूनही घेऊ नका, ते गवत उपटतात.) पण चाक रुंद झालं की ते आतल्या बाजूला ट्रॉलीच्या पत्र्याला घासतं. आतून वॉशर घालून बाहेर सरकवलं तर आख अपुरी पडते. शेवटी पाऊण इंची नवीन सळई आणून दोन्ही टोकांना पिनांसाठी भोकं पाडली. इथे एक सावधगिरी: चाक जितकं बाहेर जाईल तितका आखीवर वाकवणारा जोर वाढतो, म्हणून गरजेपेक्षा एक वॉशरही जास्त नको. आणि कुंपणाचं फाटक आधी मोजा! माझं बेचाळीस इंचांचं, ट्रॉली झाली एक्केचाळीस. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच. बायको उभी राहून "डावीकडे, डावीकडे" ओरडते तेव्हा आमचं लग्न पुन्हा एकदा तपासून निघतं.

दुसरी ठेच म्हणजे कमी हवेत उतारावर वळताना ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटली. भरल्या ट्रॉलीसकट. आत ट्यूब घातल्यापासून तो प्रश्न आला नाही. आणखी मोठं हवं असेल तर गोल्फ कार्टची जुनी चाकं मिळतात, १८ बाय ८.५०-८ मापाची, पण त्यांना चार बोल्टचा हब लागतो आणि आखही जाड घ्यावी लागते. गोल्फवाले गवताला किती जपतात बघा, आणि त्यांच्या गाडीचे टायर किती रुंद असतात तेही बघा.

सगळा खर्च एकशे सत्तर डॉलर आणि दोन शनिवार. मनगटाचा खर्च याच्या कितीतरी पट झाला होता.

एक कबुली द्यायची राहिली. रुंद चाक सगळीकडे जिंकत नाही. १८९७ साली मिझुरीच्या कृषी प्रयोगकेंद्राने सहा इंची आणि दीड इंची धावांच्या गाड्या वेगवेगळ्या रस्त्यांवर ओढून बघितल्या आणि ओढायला लागणारा जोर मोजला. बहुतेक ठिकाणी रुंद धाव हलकी गेली. पण काही ठिकाणी उलट निकाल लागला: वर पातळ चिखल आणि खाली टणक असेल तिथे, चिखल चाकाला गच्च चिकटत असेल तिथे, आणि अरुंद चाकांनी आधीच खोल चाकोऱ्या पाडून ठेवल्या असतील तिथे. हा शेवटचा अनुभव मी घेतलाय. नवीन चाकं बसवून जुन्या चरांवरून गेलो तर ती धड आत मावेनात, धड वर राहेनात, ट्रॉली कलंडायला आली. आधी चर माती घालून बुजवावे लागले, बी टाकावं लागलं, एक अख्खा मोसम ती वाट बंद ठेवावी लागली. तेव्हा ज्यांचे चर अजून पडलेले नाहीत त्यांनी आत्ताच चाकं बदलावीत, हेच मी त्या जेवणाच्या रात्री ओरडून सांगत होतो.

सांगलीच्या मामांनी हे सगळं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अमेरिकेत जाऊन शेवटी गाडाच हाकतोयस की!" हसलो. पण मग चुलतभावाशी बोलताना लक्षात आलं की हा विषय नुसता माझ्या परसाचा नाही. त्याच्या रानात ऊस तुटला की ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन थेट फडात येतो. ट्रॉल्यांना ट्रकचे टायर, रस्त्यावर पळायचं म्हणून हवा कडक. रान ओलं असलं तरी कारखान्याचा नंबर लागलाय म्हणजे तोड थांबत नाही. गाडी फडातून निघते तेव्हा सऱ्या-वरंब्यांवर ज्या खुणा राहतात, तिथे पुढे खोडवा विरळ फुटतो. हे त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, मग टायर? तो म्हणाला, "दादा, ट्रॉली मुकादमाची, टायर मुकादमाचे, रान तेवढं माझं."

यावर माझ्याकडे एकशे सत्तर डॉलरचं उत्तर नाही. ट्रॉली रानात न घालता बांधावर उभी करून मोळ्या डोक्यावरून आणायच्या तर तो भार कुणाच्या डोक्यावर जातो हे मला कळतं. फडात शिरण्यापूर्वी हवा सोडायची आणि रस्त्याला लागताना भरायची, हे म्हणायला सोपं, पण रात्री दोन वाजता, रांगेत चाळीस ट्रॅक्टर असताना ते कोण करणार? निदान फडातून जायची एकच वाट ठरवून द्यावी, दर फेरीला नवी नको, एवढं मी त्याला सुचवलं. बघतो म्हणाला.

दिवाळीत गावी जातोय. हवा मोजायचा गेज बॅगेत टाकून ठेवलाय.